दार बंद आढळले

प्रत्येक दाव्यात एक वाक्य असतंच,
शेडखालचा टायपिस्ट धकाते ते न बघता मारतो:
दाव्यास कारण नागपूर मुक्कामी घडले.
या वेळचं कारण तीन फूट बाय चार.
पाचपावलीत, मागल्या गल्लीत,
वच्छला नंदनवारच्या खिडकीसमोर
शालिकराम पौनीकरनं भिंत घातली,
रविवारी, कोर्टाची सुटी बघून.
खिडकीत कूलर होता. एप्रिल होता.
बाकी नागपूरकराला सांगावं लागत नाही.

मी बेलिफ. माझं काम यानंतर सुरू होतं.
कोर्ट फी लागली, नंबर पडला, भत्ता भरला,
आणि समन्स माझ्या पिशवीत आलं
इतर बारा समन्सांसोबत, डब्याखाली,
एका कोपऱ्याला लोणच्याचं तेल.
जातीने किंवा वकिलामार्फत हजर राहावे,
कसूर केल्यास तुमच्या गैरहजेरीत…
वीस वर्षं ही ओळ घरोघरी पोचवतो आहे.
माणसं आधी शिक्का बघतात, मग मला,
मग विचारतात, "पोलीस का?"

पौनीकरची बायको म्हणाली, "ते गावाले गेले."
दाराशी चपला. ओल्या.
चपलांची नोंद मी केली नाही.
तिसऱ्या फेरीला दोन पंच धरले,
एक इस्त्रीवाला, दुसरा ज्याची रिक्षा पंक्चर होती तो,
डिंक लावला. दाराला चिकटवून बजावणी.
आतून कोणीतरी खोकला दाबत होतं.

मधलं सगळं मी व्हरांड्यातून ऐकतो.
पुकारा, तीनदा.
लेखी जबाब: खिडकी नाकबूल, भिंत कबूल,
ती आमच्या हद्दीत, सबब दावा खर्चासह खारीज व्हावा.
मुद्दे काढले पाच. पाचवा नेहमीचा: हुकूम काय?
कोर्ट कमिशनर टेप घेऊन गेला,
अंतर सात इंच. प्रतिवादीच्या टेपनं नऊ.
साहेब बदलून गडचिरोलीला गेले.
रोजनामा: वादी हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. मंजूर.
उलटतपासणी एकदाच झाली, म्हणतात रंगली होती.
उजेडावर हक्क सांगायला वीस वर्षांची वहिवाट लागते,
म्हणून वकिलानं विचारलं, "खिडकी केव्हापासून?"
"लग्न होऊन आली तेव्हापासून."
"लग्नाचा पुरावा?"
साहेबांनी तो प्रश्न काढून टाकला.

नवव्या वर्षी शालिकराम वारला.
माणूस मेला म्हणून दावा मरत नाही,
नव्वद दिवसांत वारस लावावे लागतात.
वच्छलाबाईंनी लावले.
पुन्हा पिशवी. मयत शालिकराम तर्फे वारस
मुलगी कुंदा निखारे. पुन्हा तेच दार.
कुलूप. नव्या रंगाखालून
माझ्या डिंकाचा जुना चौकोन दिसत होता.

पंच शोधत होतो तर वच्छलाबाई हात पुसत बाहेर आल्या.
"कुंदा भंडाऱ्याले राहते, सासरी.
चाबी माह्यापाशीच असते.
तिच्या टाकीची मोटर रोज मीच तं लावते."
म्हटलं, बाई, तुम्ही वादी आहात.
"हो ना. म्हणूनच सांगून राहिली."

त्यांच्याकडे पाणी पिता पिता खिडकी बघितली.
नऊ वर्षांत पहिल्यांदा.
बेलिफाला खिडकी बघायची नसते, फक्त दार.
गज, गजांमागे विटा,
मधल्या सात किंवा नऊ इंचांत तिखटाची बरणी,
मिठाची, आणि दोहोंच्या मध्ये
शालिकरामच्या तेरवीचं कार्ड, तेलकट झालेलं.

अहवालात चाबीसाठी रकाना नाही.
मी लिहिलं: दार बंद आढळले,
सबब दोन पंचांसमक्ष…
डिंकाच्या बाटलीचं झाकण बसलं होतं घट्ट,
ते वच्छलाबाईंनी पदरात धरून
पिळून उघडून दिलं.