पाच लाख पूर्व

आधी गाव बर्फात गेलं.
मी अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिला होता,
एवढंच. एक स्वल्पविराम, त्याच्या दोन बाजूंना
दोन आकडे, उलट बसलेले,
आणि अमळनेरचं बसस्टँड
नॉर्वेच्याही वर, काळ्यानिळ्या समुद्रात.
बाहेर त्रेचाळीस अंश. कूलरमधलं पाणी संपलेलं.
वेडूआप्पा पडद्याशी वाकून म्हणाले,
"गाव कथं गयं वो, कोकिळाबाई?"
"चुकलं, आप्पा."
"राहू द्या ना मंग. जूनमा आनी ल्या."

आप्पांनी मोजणी खात्यात हयातभर साखळी ओढली,
तेहतीस फुटी, सोळा आण्यांची.
वैशाखात लोखंड वाढतं, पौषात पहाटे आखडतं,
म्हणून वहीच्या कडेला ते लिहून ठेवत:
ऊन फार. ऊन मध्यम. ढग.
ती वही ऑफिसच्या कपाटात अजून आहे.
ऊन कसं टाइप करायचं
मला कुणी शिकवलेलं नाही.

दुसरी चूक कोसाइनची.
आप्पांना वाटलं, कोसाचंच काही असणार,
आणि तसे ते चुकलेही नाहीत:
एक अंश पूर्वेला चालायचं तर
विषुववृत्तावर एकशे अकरा किलोमीटर,
आपल्याकडे एकशे चार.
मधले सात कोसाइन खातो.
पण मी एकवीस अंश तसेच दिले,
मशीनला रेडियन हवे होते.
उत्तर आलं: उणे एकसष्ट किलोमीटर.
दहावीला गणितात अठ्ठ्याऐंशी होते मला.
अर्धा तास नुसती बघत बसले,
इतकं मागे कोण चाललं असेल.

रात्री भाकरी झाल्या की मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर
(त्याचं एस बटण दोनदा दाबावं लागतं)
गोल पृथ्वी सपाट करायला बसते.
ती लाटून होत नाही.
कुठेतरी ताणते, कुठेतरी फाटते.
मग कुणी तिच्या साठ फाका केल्या
आणि दर फाकेच्या मधोमध एक रेघ.
आमची फाक त्रेचाळिसावी.
आमची रेघ पंचाहत्तरावर,
म्हणजे, मी तीनदा तपासलं,
अमळनेरहून धुळ्याकडे निघालं की
पाच-सहा किलोमीटरवर, कुणाच्या तरी रानात.

त्या रेघेला शून्य म्हणत नाहीत,
पाच लाख म्हणतात.
शून्य म्हटलं असतं तर पश्चिमेच्या गावांना,
धुळ्याला, साक्रीला, नंदुरबारला,
उणे चिन्ह घेऊन जगावं लागलं असतं.
ज्या कुणाला हे सुचलं
त्याला उठून चहा करून द्यावासा वाटला.

आणि रेघेवर नकाशाचा किलोमीटर
खऱ्यापेक्षा हातभर आखूड. मुद्दाम.
कडेला ताण कमी पडावा म्हणून.
हे सांगितलं तेव्हा आप्पा
पहिल्यांदाच गप्प झाले.
मग म्हणाले, "म्हंजे तुम्ही बी
ऊन लिखी ठेवतस."

रविवारी आम्ही त्यांच्या लुनावर गेलो.
दादर कापून नेलेली, धसकटं चपलेत टोचत होती.
मी लिहिलेला प्रोग्राम फोनवर चालत होता:
४९९९८८. ४९९९९५. ५००००४.
मागे सरकलं की पुढे, पुढे सरकलं की मागे,
थांबलं तरी आकडा थांबेना.
बांधावर बकऱ्या राखणारा पोरगा
बराच वेळ पाहत होता.
"काय हारपनं वो?"
"रेघ," आप्पा म्हणाले, खाली बघतच.

शेवटी त्यांनी एका धसकटाशी टाच रोवली.
"आठेच शे."
फोन म्हणाला, ४९९९९८.
"दोन मीटर कमी, आप्पा."
"किती आणे?"
मी मनात भागाकार केला, कागद नसताना.
"तीन. आणि चिमूटभर."
आप्पांनी टाच हलवली नाही.
पोराची एक बकरी
पाच लाखांवरून चरत पलीकडे गेली.