घट

आयोगाच्या दुसऱ्या मजल्यावर मार्चात
मार्केट यार्डातली हळद वाऱ्याबरोबर चढून येते,
कीबोर्डच्या फटींत बसते.
मी रुमालाने पुसते आणि लिहिते:
तक्रारदार संपत कोंडिबा मेटकरी, वय चोपन्न,
धंदा गलाई, मूळ राहणार आटपाडी,
सध्या कोइमतूर.

बत्तीस वर्षं सोनं आटवलेला माणूस.
भुवया अर्ध्याच उरलेल्या.
कठड्याला हात न टेकता उभे राहिले,
समोरची वस्तू गरमच असणार
हे धरून चालल्यासारखे.

त्यांचं म्हणणं असं:
दार लागलं दोन वाजून दहा मिनिटांनी.
विमान हललं, म्हशीने कूस बदलावी इतकं,
आणि थांबलं.
तीन वाजता एकीने सांगितलं, वीस मिनिटं.
चार वाजता दुसऱ्याने सांगितलं, वीस मिनिटं.
गार हवा बंद.
पट्टा सोडू नका म्हणणारा दिवा तेवढा चालू.
चंद्राक्काने, म्हणजे मंडळींनी, तीनदा पाणी मागितलं.
चौथ्यांदा मागायची तिला लाज वाटली.
मागच्या रांगेतल्या म्हातारीला उठू दिलं नाही,
बसा म्हणाले, बसा,
आणि मग

इथे ते थांबले.
"ते लिवू नका, बाई.
कुणाची तरी आई असंल ती."
मी लिहिलं नाही.

दार उघडलं सात वाजून पाच मिनिटांनी.

कंपनीचे वकील पुण्याहून आलेले,
घाटातूनही इस्त्री न मोडता.
कोणी दगावलं का? नाही.
मुहूर्त चुकला, नोकरी गेली? नाही.
मग नुकसान नेमकं कशाचं?
आणि आपण तर भट्टीपुढे बसणारे,
आपल्याला उकाड्याचं एवढं काय?

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

"साहेब," मेटकरी म्हणाले,
"भट्टीचं झाकण माझ्या हातात असतंय."

पंख्याखाली कागद फडफडत होते.
माझी बोटं थांबली होती
आणि ते मला उशिरा कळलं.

"आमच्यात घट लिवतात," ते पुढे म्हणाले,
कुणी विचारलं नव्हतं तरी.
"दहा तोळं आत गेलं, भाईर किती आलं,
मधलं गेलं ते कुणाच्या नावावर.
गुंजभर असलं तरी लिवायचं.
न्हाई लिवलं तर गिऱ्हाईक चोर म्हणतंय.
आमी एकशे ऐंशी माणसं आत गेलो,
एकशे ऐंशी भाईर आलो.
तुमची मोजणी बरोबर हाय.
मधलं कोण लिवणार?"

वकील उठले: हे विषयाला सोडून आहे,
नोंदीत घेऊ नये.
मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
बोलल्या काहीच नाहीत.
न बोलणं म्हणजे खोडा,
असं कुठल्या नियमात मी तरी वाचलेलं नाही.
झाकण ठेवलं. गुंज ठेवली.
पुढची तारीख, अठरा जून.

संध्याकाळी स्टँडवर आटपाडीची गाडी
पाऊण तास जागची हलली नव्हती.
टायर मिरजेहून यायचं होतं.
कंडक्टरच खाली उतरून शिव्या देत होता डेपोला.
नळाखाली एक पोर डोकं धरून बसलेलं,
दोघीजणी सावलीत पाय पसरून,
एक म्हातारा निवांत मुतारीकडे चाललेला,
आणि पायरीवर मेटकरी,
एक पाय गाडीत, एक पाय सांगलीत.

"बराच उशीर का?" मी विचारलं.
"हाय की!"
भडंगाचा पुडा त्यांनी पुढे केला.
मी मूठभर घेतलं. लसूण करपलेला होता थोडा.

दाराची खिटी तुटलेली होती त्या गाडीच्या,
सुटताना तारेने बांधायचं असतं ते.
तार कंडक्टरच्या मनगटाला गुंडाळलेली होती
आणि दार वाऱ्याने
उगाच आपटत होतं, उघडत होतं.