शेजपाळी

परभणीत मे महिन्यात सात वाजता
उजेड जातो, ऊन जात नाही.
त्याच टायमाला गल्ली नंबर चारमधी
कूलर, एसी, इस्त्री, पाण्याची मोटार,
आन् आता ह्या पाच गाड्या, मुक्या,
भिंतीला तोंड लावून पिणाऱ्या.

डीपी आमची त्रेसष्टची.
बसवली तव्हा गल्लीत दोनच एसी होते,
तेबी पाहुणे आले तरच चालायचे.

लोकांच्या मोबाइलात माझं नाव नाही,
'लाइटवाला' एवढंच.
गेल्या उन्हाळ्यात फ्यूज नऊदा उडाला,
नऊदा मी हातमोजे चढवून
बिराजदार सरांच्या गेटपाशी उभा,
आन् अंधारातून आवाज : "किती वेळ लागंल?"
अंधारात सगळ्यांचा आवाज सारखाच येतो,
मालकाचा.

मग ओव्हाळ सिस्टरनी तोड काढली :
"सगळ्यांनी अकराला लावा, तोवर इस्त्र्या-मोटारी बंद झालेल्या असतात."
पटलं. टायमर लागले.
मी घरी ताटावर बसलेलो.
अकरा वाजून एक मिनिट झालं
आन् फोन आला.
पाचही जण एकाच सेकंदाला शहाणे झाले होते.

दुसऱ्या दिवशी खडू घेतला.
सरांच्या कंपाउंडवर, पिवळ्या रंगावर लिहिलं :
दहाला खय्यूम मोमीन, त्याला पहाटं नांदेडचं भाडं,
साडेअकराला सर, एकला मुंदडा मेडिकल,
अडीचला तिसऱ्या मजल्यावरच्या अश्लेषाताई.
सिस्टर रात्री ड्युटीवर,
त्यांनी दुपारी, सोलरवर.

सर म्हणले, "अरे, ही तर शेजपाळी झाली."
तसंच की, सर.
माझा बाप जायकवाडीच्या चारीवर पाटकरी होता.
कुणाचं वावर कधी पिणार, त्याच्या तोंडपाठ.
त्याच्याकडं फावडं होतं,
माझ्याकडं खडू.

बापाच्या काळी रात्री बांध फोडायचे.
इथं मुंदडा.
नऊ वाजताच, गाडीवर कव्हर टाकून, गुपचूप.
चोरलेल्या पाण्याची ओल दिसती,
चोरलेल्या करंटाची काय दिसणार, त्याला वाटलं.
पण सरांच्या घरातला कूलर बसक्या आवाजात बोलायला लागला
आन् काकू खिडकीतूनच म्हणल्या,
"मुंदडाची गाडी प्यायलीय बघा."

हे लिहिलं तर हेबी लिहावं लागंल :
एका रात्री अश्लेषाताईच्या आईला दम लागला,
पहाटं नांदेड गाठायचं, गाडीत बारा टक्के.
अडीचपर्यंत थांबायला कुणाला सवड?
मुंदडा लुंगीवर खाली आला,
खडू सापडंना,
म्हणून आपलं नाव नुसतं अंगठ्यानं पुसलं
आन् वर निघून गेला.
दुसऱ्या दिवशी जुन्या स्कूटरवर दुकानात.
ती गोष्ट त्यानं कुठं काढली नाही, मीबी नाही.

अडीच वाजता कधीमधी डीपीपाशी थांबतो.
घूंऽऽ असा एकसारखा आवाज,
पोट भरलेल्या म्हशीवानी.
गावाकडं ह्याच टायमाला थ्री फेज येती,
थोरला भाऊ बॅटरी घेऊन मोटारीकडं निघालेला असतो.
त्याला ह्या गाड्यांचं सांगितलं तर म्हणला,
"म्हंजी शहरातबी जागायलेत का आता?"
त्याच्या हसण्यात थोडा आनंद होता. असू द्या.

परवा सहावी गाडी आली.
बोनेटवर हार, टायरखाली चिरडलेलं लिंबू,
आन् पोरगा पेढे घेऊन माझ्यामागं :
"दादा, आमचं नाव कुठं लिहिणार?"
भिंतीवर जागा लई आहे.
रात्रीत नाही.

बाप म्हणायचा, नवीन माणूस पाळी मागाय आला
की आधी टेलला जाऊन ये.
आमचं टेल म्हंजी अकरा नंबरचा खांब,
त्याच्याखाली पत्र्याची खोली,
एक बल्ब, एक टेबलफॅन, शिवणाची मशीन.
गल्लीत जास्ती झालं की पयला तो बल्ब पिवळा पडतो.
ती बाई कधी फोन करत नाही.
तिच्याकडं माझा नंबरच नाही.

पेढा खिशात टाकला,
सायकल तिकडं वळवली.