पाच प्रती

या आठवड्यात तीन प्रबंध आलेत बांधायला.
प्रत्येकी पाच प्रती, काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
मुदत शनिवार. सगळ्यांची मुदत शनिवारच असते.

मी शिंपी. आजा कोपऱ्या शिवायचा, बाप शाळेचे गणवेश,
मी विद्यापीठाच्या रस्त्यावर कागद शिवतो
आणि सरस वाळेपर्यंत वाचतो.
जळगावच्या एप्रिलात सरस फार लवकर वाळतो,
तरी बरंच शिकलोय, मधल्याच पानांवरून.

धनराज पावराचा प्रबंध पदार्थविज्ञानाचा.
काचेच्या पट्टीवर जस्ताच्या ऑक्साइडचा थर,
इतका पातळ, की त्याच्यापुढे माझ्या सरसाचा एक हात
म्हणजे सातपुडा.
धूर लागला की थराचा रोध बदलतो.
अकरा सेकंदांत कळतं त्याला.
आलेख आहे : सरळ रेघ, सरळ रेघ,
मग एकदम, कोणी दचकावं तशी.

नाझनीन पिंजारीने मोजलेत गाड्यांवरचे बोलके डबे.
भाजीवाल्या, बांगडीवाल्या, चहावाल्या, दोनशे बारा बाया.
डबा ओरडतो बाईच्या कानाशी,
पैसे पडतात घरातल्या दुसऱ्याच्या खात्यात :
दोनशे बारांपैकी एकशे त्रेसष्ट.
आकडा परत वाचत होतो, तेवढ्यात खिशात फोन किणकिणला.
साठ रुपये.
पाळधी फाट्यावर कोकिळाने एक ताट दिलं,
भरीत आणि कळण्याची भाकर.
दिवसभर हे असंच. मला इथं बसल्या बसल्या कळतं
तिथं किती वांगी भाजली.

रोशनी तडवीचा शेवटी घेतला. शुक्रवारी रात्री.
घरातला धूर आणि बायांची छाती, असा काहीसा विषय.
परिशिष्ट तीन आडव्या कागदावर,
त्याला घडी घालताना नजर जातेच.

कुटुंब ४७. पाळधी. स्त्री, वय ४३.
गॅस आहे, चहापुरता.
भरीत पऱ्हाटीवर. कारण : “गिऱ्हाइकले पऱ्हाटीना वास लागस.”
चुलीपुढे रोज साडेपाच तास.
फुंकर : अपेक्षेच्या एकोणसाठ टक्के.
खोकला : तीन वर्षं.
घरी कोणाला सांगितलं : नाही.

नावं नसतात. नियम आहे तसा.
पण ते वाक्य म्हणताना
कोणत्या मनगटाने कपाळ पुसलं जातं, मला माहीत आहे.

फोनमध्ये मागे मागे गेलो.
मागच्या वर्षीचा फेब्रुवारी, सोळा तारीख,
दुपारी एक वाजून दहा,
रोशनी तडवी, साठ रुपये.
म्हणजे पोरगी जेवलीसुद्धा होती.
ते साठ रुपये त्याच क्षणी पोचले माझ्याकडे.
बाकीचं चौदा महिन्यांनी आलं, पाच प्रतींत.

पाचही बांधल्या. चौथ्या प्रतीला कटर तिरका गेला,
नेमका आडव्या कागदावर.
नवं पान छापून आणलं, पदरचे तीन रुपये देऊन.
जुनं शर्टाच्या खिशात राहिलं.

रात्री गाडीवर तिने ते उजेडात धरलं,
ओळीवरून पिठाचं बोट फिरवलं.
“हाई तं मीच शे.”
हसली. “हुशार पोर व्हती. आखो एक भाकर लीधी तिनी.”
माले काब्र नही सांगं, मी विचारलं.
ती परातीत पीठ ओढत म्हणाली,
“तुमले फोनवर समदं येस ना.”

त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.
चिमटा घेतला आणि तिच्या जागी बसलो.
पऱ्हाटी झटकन पेट घेते, धूर मात्र खाली बसतो,
डोळ्यांच्या उंचीवर, बसलेल्या माणसाच्या.
मी मोजत नव्हतो. पण दहा-अकरा सेकंदच झाले असतील,
मला ठसका लागला.

“वांगं फिरवा,” ती म्हणाली,
“जळी जाई.”