मोडके : एक

खोकी मंगळवारी येतात.
चर्चच्या दारातून, दवाखान्यांतून, मेलेल्यांच्या ड्रॉवरमधून
सगळा प्रांत आपले जुने चष्मे आमच्याकडे पाठवतो,
ब्रिस्बेनच्या पश्चिमेला, तारांच्या आत,
जिथे आम्ही अकराजणी
निळे एप्रन बांधून, तासाला पाऊण डॉलरवर
परक्यांची नजर धुतो.

आधी साबणाचं पाणी. नाकाच्या चिमट्यात
हिरवट मळ असतो, तो जुन्या टूथब्रशने काढायचा.
मग यंत्राखाली भिंग धरायचं, चकती फिरवायची,
रेषा जुळल्या की आकडा ओरडायचा.
उणे सव्वातीन. अधिक दीड. उणे पावणेदोन.
लेटीशा लिहून घेते, पिशवीला चिकटवते.
पुढे जहाज, पुढे टोंगा,
पुढे कुणाचं तरी नाक.

पहिल्या महिन्यात मी गोष्टी रचायचे.
ह्याच्यावर पांढरे शिंतोडे, हा छतं रंगवणाऱ्याचा.
ह्याची काडी चावलेली, हिशेबनिसाने किंवा कुत्र्याने.
हा लहान मुलाचा, एका काचेवर अजून पट्टी,
आळशी डोळा कामाला लागावा
म्हणून चांगल्याला झाकलेलं.
त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबले होते.
इथे का आहे ते विचारू नका.
आता रचत नाही. आता फक्त आकडा.

कधीकधी डबीत चिठ्ठी निघते, दुमडलेली.
चिठ्ठ्या कचऱ्यात टाकायच्या, असा नियम.
गेल्या गुरुवारी तपकिरी फ्रेमचा एक निघाला,
उजवी काडी तांब्याच्या तारेने बांधलेली,
आणि विजेच्या बिलामागे पेन्सिलीने:
'आमच्या क्लेमचा. शर्यतीच्या घोड्यांची नावं वाचायला.
कृपा करून चांगल्या माणसाला द्यावा.'

लेटीशा हसली.
मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही,
नळ तेवढा चालू होता.

हे काही यंत्र सांगत नाही, चकती कितीही फिरवा.
ते म्हणालं, अधिक अडीच.
दोन्ही काचा, अधिक अडीच.

नोरीनला चाळिशी इथेच लागली,
शिक्षेच्या चौथ्या वर्षी.
मुलीची पत्रं ती आधी हात लांब करून वाचायची.
मग हात पुरेनासे झाले.
आता रविवारी मला बोलावते, म्हणते, तू धर, दाराशी जा,
अजून मागे, अजून, हां.
मी पत्र छातीशी धरून उभी राहते, फळ्यासारखी,
आणि ती खाटेवरून माझ्याकडे बघत
तोंडातल्या तोंडात वाचते.
अर्ज केलाय तिने, नमुना क्रमांक सतरा.
डोळ्यांचे डॉक्टर वर्षातून दोनदा येतात.
यंदा दोन्ही वेळा आम्ही कोठडीत बंद होतो,
दुसऱ्याच कुणाच्या तरी भांडणापायी.

इथून दिवसाला चारशे चष्मे बाहेर जातात.
एकही आत राहायचा नाही. तोही नियमच.

नोरीनने जे केलं ते पेपरात आलं होतं.
तिला चांगलं माणूस म्हणायला
कुणाची जीभ रेटणार नाही,
तिची स्वतःचीसुद्धा.
पण अडीच म्हणजे अडीच.

तीन वाजता मिसेस ट्रेगेन्झा मोजायला आल्या.
मोजलं. ओठ हलवत पुन्हा मोजलं.
यादीत चारशे बारा, पेटीत चारशे अकरा.
त्यांनी साखळीला बांधलेला आपला चष्मा काढला,
बाहीला पुसला,
आणि नाकावर न चढवताच
आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं.
नोरीन एप्रनच्या खिशावर हात दाबून उभी,
पोटात कळ आल्यासारखी.

मग यादीच्या तळाशी त्यांनी लिहिलं,
मोडके : एक.
खाली सही.

चिठ्ठी मी कचऱ्यात टाकली. नियम आहे.

रविवारी नोरीनने मला बोलावलं नाही.
मी तरी गेले,
दाराशी उगीच उभी राहिले थोडा वेळ,
रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळून.
तिने पानावरून मान वर केली नाही.