तीन ग्रॅम कमी

चाकणला तीन महिने, नाशकाला पाच आठवडे,
मग घरी, पंख्याकडे बघत.
"तूच ठेव पंधरा दिवस," भाऊ फोनवर म्हणाला,
"मला त्याचं तोंड पाहवत नाही."
पोरगं तेव्हा पलीकडच्याच खोलीत होतं.

हितू आला धुळ्याला गाडी बदलून, एका पिशवीनिशी.
माझं दुकान दोंडाईच्यात, मिरचीबाजाराला लागून.
वजनकाटे दुरुस्त करते. आधी नवरा करायचा.
काट्यांच्या पोटात लाल भुकटी बसते,
ती ब्रशने काढायची, एवढंच दिलं त्याला.
पहिल्या दिवशी स्क्रू सांडला, मला सॉरी म्हणाला.
मग स्टुलाला धक्का लागला,
स्टुलालाही म्हणाला.

रात्री गच्चीवर ताट तसंच.
"फुई, मन्हाकडथीन काहीच व्हत नही."
मला शहाणपण सुचलं. म्हटलं, अरे, काही काटे
रिकामे असतानाच उणे दाखवतात,
काटा वाईट नसतो, शून्य सरकलेलं असतं...
"दाखले नको देऊ."
बरोबरच होतं त्याचं.
मी कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडून
त्याच्याकडे सरकवला आणि गप बसले.

नवव्या दिवशी, हमाल पोत्यांवर झोपलेले,
तो समोर येऊन उभा राहिला, हात मागे.
"माझंच चुकत असेल, पण
आपलं किलोचं माप हलकं आहे. तीन ग्रॅम."
सात वेळा तोललं होतं त्याने
आणि सातही वेळा स्वतःलाच खोटं धरलं होतं.

मी पारड्यांचा तराजू काढला.
एकीकडे शिक्क्याचं नवं, एकीकडे आपलं.
आपलं वर गेलं.

ते पितळी किलो नवऱ्याच्या वेळचं.
शिक्क्याचं कपाटात असायचं, हाताशी मात्र हेच.
चौदा वर्षं यावरून मी
कुणाचा काटा खरा, कुणाचा खोटा, सांगत आले.
मला हसू आलं. मग आलं नाही.

"कितीजणांना सांगावं लागेल?"
"सगळ्यांना."
त्याने वही ओढली. दोन पानं नावं,
सुबक अक्षर, एक खाडाखोड नाही.
मध्येच डोळे पुसत होता.
दोंडाईच्यात याचं कारण विचारायची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी चादर डोक्यावरून.
मी हाक मारली नाही.
यादीतली पहिली आडत मीच गाठली,
चूक कबूल केली, चार शब्द ऐकले.
दीडला मागून आला, केस ओले,
"दुसरं कोणतं?"

संध्याकाळी भावाचा फोन: "सुधारला का काही?"
म्हटलं, ऐकू येत नाही, गिऱ्हाईक आहे.
गिऱ्हाईक नव्हतं.
तो खाली बसून भुकटी काढत होता.
जोरात शिंकला, स्टूल हललं,
डबीतले स्क्रू सगळे फरशीवर.
एकेक वेचत राहिला,
सॉरी म्हणाला नाही.