तेवीस दिवसांचा जमाखर्च

साखर पेठेत आज चौथ्या दिवशी नळाला पाणी आलंय.
अम्मा पिंप भरतेय,
नायना उंबऱ्यात बसून माझी वही तपासताहेत.
शेजारी मडूरांचे माग चालू,
त्यामुळे सगळे आकडे ओरडून सांगावे लागतात.
पैसे माझेच होते, पुण्यातल्या दोन वर्षांच्या पगारातले.
तरी हिशेब इथंच द्यायचा असतो.

‘बेड, बावीस युरो. म्हणजे खोली?’
खोली नाही नायना, बेड. वरचा.
एका खोलीत आठजणी,
एक झोपेत पोर्तुगीज बोलायची,
एक पहाटे चारला प्लास्टिकची पिशवी उघडत बसायची
आत काहीतरी जिवंत असल्यासारखी.
कपाटाला कुलूप आपलं आपण न्यायचं.
नवी पेठेतलं साठ रुपयांचं कुलूप
प्रागमध्ये माझ्या उशाशी लटकत होतं.

अम्मा पाण्याच्या धारेपलीकडून भागाकार करते.
तिचं चलन वेगळं:
युरोचे रुपये, रुपयांच्या विड्या.
बावीस युरो, साडेनऊ हजार विड्या.
पान भिजवण्यापासून कट्टा बांधण्यापर्यंत
तिचे बारा दिवस.
‘बारा दिवस वळायचं अन् एक रात्र झोपायचं,’
म्हणते. रागानं नाही,
मंडईत भाव विचारावा तशी.
त्या रात्री झोप लागली नव्हती
हे मी सांगत नाही.

‘रुपयांत कापू का, नाही म्हटलं. हे काय लिहिलंयस?’
तिथलं एटीएम, नायना. फार गोड बोलतं.
तुमच्याच रुपयांत सांगतो म्हणतं
आणि मधल्यामध्ये चिमटा काढतं.
तिथं नाही म्हणायचं.
‘म्हणजे ठेकेदार,’ अम्मा म्हणते.

रात्रीची बस तीनदा: बेड वाचला, मान गेली.
दुपारचं जेवण, पुढं नुसती आडवी रेघ.
ती रेघ म्हणजे कडक भाकरी, बेचाळीस नेल्या होत्या.
बुडापेस्टच्या हॉस्टेलात, सामायिक स्वयंपाकघरात
शेंगाचटणीशी एक मोडली
तर कोरियाचा एक पोरगा दचकून मागं वळला,
काय फुटलं म्हणून.

मग नायनांचं बोट थांबतं.
‘टॉवेल, भाडं, दोन युरो.’
चष्मा काढतात.
एकतीस वर्षं टेरी टॉवेलच्या कारखान्यात तपासायला होते,
सुटलेला धागा डोळ्यांआधी बोटाला सापडायचा.
‘टॉवेल. भाड्यानं. सोलापूरच्या पोरीनं.’
पाठीवर ओझं नको म्हणून नेला नव्हता, मी म्हणते.
ते ऐकतच नाहीत.
‘जाड किती होता? कडेला शिवण दुहेरी? लेबल?’
लेबल कापलेलं होतं, मी सांगते.
खरं म्हणजे मी पाहिलंच नव्हतं.
अंग पुसलं आणि बादलीत टाकला.
ते अंगठा तर्जनीवर घासत बसतात,
मी तो दाखवायला आणलाय जणू.

शेवटी बेरीज. अकरा युरो जुळत नाहीत.
पुन्हा करतात. अकराच.

मला ठाऊक आहेत ते अकरा.
ट्रिएस्टला, निघायच्या दोन दिवस आधी,
जिथं उभ्यानं प्यायली तर कॉफी स्वस्त पडते
तिथं मी बसले.
समुद्राकडे तोंड, मांडीवर कापडी रुमाल,
एक केक, वर आणखी एक कॉफी,
आणि तास-दीड तास
कशालाच नव्वदनं गुणलं नाही.
वहीत त्याला काय म्हणावं ते सुचेना.

नळ फुसफुसतो, पाणी जातं.
अम्मा पदराला हात पुसत येते,
वहीतला अकरा तेवढा ओळखते.
‘हजारामागं थोडी छाट जातेच की,’ म्हणते,
‘छाट लिही अन् मीट वही.’

नायना लिहितात: छाट, अकरा.
मडूरांचे माग थांबल्यावर
हळूच, अम्माला ऐकू जाणार नाही असं,
‘पातळ होता की जाड,
तेवढं तरी आठवून सांग.’